तांबडे करडे का उमटते?

पडद्यावर तांबडे दिसते आणि कागदावर करडे उमटते, ही तक्रार लिनक्स वापरणाऱ्या कचेऱ्यांतून इतकी नेहमीची झाली आहे की तिला एक ठरीव उत्तरही तयार आहे : "फुकटच्या प्रणालीवर असेच व्हायचे!" हे उत्तर देणाऱ्याचे काम संपते आणि ऐकणाऱ्याचा खर्च सुरू होतो. या व्याख्यानमालेच्या चालकांनी हा विषय आमच्याकडे सोपविला तेव्हा काहींनी भुवया उंचावल्या असतील. आम्ही संगणकशास्त्राचे पदवीधर नव्हे. १९८२ च्या गिरणी संपात आमची शाळा सुटली. पुढचे सारे शिक्षण वाचनालयात, युनियनच्या कचेरीत आणि कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात झाले. परंतु चौकशी कशी करावी हे त्या व्हरांड्यात जितके शिकायला मिळते तितके इतरत्र मिळत नाही, आणि रंगीत छपाई बिघडली असता हवी असते ती नेमकी चौकशीच. आरोपपत्र न देता, म्हणणे न ऐकता एखाद्या कामगाराला काढले तर आपण दाद मागतो. प्रिंटरला मात्र रोज हजारो ठिकाणी विनाचौकशी बडतर्फ केले जाते आणि नवा विकत आणला जातो. मूळ दोषी जागच्या जागी राहतो, आणि नव्या प्रिंटरवरही तांबडे करडेच येते.

रंगीत छपाई म्हणजे चैन, ती बिघडली तर काळ्यावर भागवावे, असे कोणी म्हणेल. आमच्या कामात ते भागत नाही. आमच्या सभासदांत कंत्राटी कामगार पुष्कळ. त्यांत उडिया, बिहारी, बंगाली बांधव आहेत. सर्वांना मराठी वाचता येत नाही, कित्येकांना कोणतीच लिपी सराईतपणे वाचता येत नाही. त्यांच्यासाठी यंत्राशेजारी लावायचे सुरक्षेचे फलक रंगांवर चालतात. तांबडा म्हणजे मनाई किंवा आगीची साधने, पिवळा म्हणजे सावध, निळा म्हणजे अमुक साधन घातलेच पाहिजे, हिरवा म्हणजे सुटकेची वाट किंवा प्रथमोपचार. ही भाषा जगभरच्या कारखान्यांत एकच आहे. आता हाच फलक करडा छापला गेला तर काय होते? गडद तांबडा आणि गडद हिरवा हे दोन्ही रंग करड्यात उतरले की जवळजवळ एकाच छटेचे होतात. 'येथे हात घालू नका' आणि 'येथून बाहेर पडा' या दोन फलकांतील फरक दुरून पाहणाऱ्याच्या डोळ्याला उरत नाही. तेव्हा ही गोष्ट हौसेची नव्हे.

प्रथम त्या 'फुकटच्या प्रणाली'विषयी दोन शब्द. लिनक्स म्हणजे जिचा मूळ मजकूर, म्हणजे कार्यक्रमाचा लिहिलेला पाठ, कोणालाही वाचता येतो, बदलता येतो व वाटता येतो अशी संगणकाची कार्यप्रणाली. बाजारात जिला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात ती. तिचा गाभा फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये लिहिला. परंतु ज्या चळवळीच्या खांद्यावर तो उभा राहिला ती चळवळ त्याआधीची, आणि तिच्या मुळाशी, श्रोत्यांना गंमत वाटेल, एक प्रिंटरच आहे. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या प्रयोगशाळेत १९८० च्या सुमारास झेरॉक्स कंपनीचा लेझर प्रिंटर आला. त्यात कागद वारंवार अडके. तेथील रिचर्ड स्टॉलमन यांनी आधीच्या प्रिंटरच्या कार्यक्रमात स्वतः बदल करून ठेवला होता : कागद अडकला की छपाईची वाट पाहणाऱ्यांना संगणकावर निरोप जाई. नव्या प्रिंटरवर हीच सोय करायची तर त्याचा मूळ मजकूर हवा, आणि तो मिळेना. दुसऱ्या विद्यापीठातील ज्या संशोधकाजवळ तो होता त्याने नकार दिला, कारण त्याने गुप्ततेच्या करारावर सही केली होती. स्वतःच्या प्रयोगशाळेतील यंत्र दुरुस्त करता येऊ नये, आणि तेही सहकाऱ्याने दिलेल्या वचनापायी, ही गोष्ट स्टॉलमन यांच्या जिव्हारी लागली. १९८३ मध्ये त्यांनी ग्नू या मुक्त प्रणालीची घोषणा केली. ज्याच्या हाती हत्यार आहे त्याला त्या हत्याराच्या आत काय आहे हे कळले पाहिजे, एवढाच त्या मागणीचा गाभा. कामगार चळवळीत वाढलेल्या माणसाला ती परकी वाटत नाही.

लिनक्सवर छपाईचे काम पाहणारा जो कारभारी असतो त्याचे नाव कप्स. चहाच्या कपाशी त्याचा संबंध नाही; इंग्रजी आद्याक्षरांचे ते नाव आहे. मायकेल स्वीट यांनी १९९७ मध्ये त्याचे काम सुरू केले आणि १९९९ मध्ये तो लोकांपुढे आला. 'फुकटचे म्हणून असे' म्हणणाऱ्यांना एवढेच सांगावेसे वाटते की हाच कारभारी ॲपल कंपनीने २००२ मध्ये आपल्या महागड्या मॅक संगणकांत बसविला, २००७ मध्ये त्याच्या मूळ मजकुराचे हक्क विकत घेतले आणि स्वीट यांनाही नोकरीत घेतले. २०१९ अखेर स्वीट तेथून बाहेर पडले, आणि २०२० पासून लिनक्सच्या बाजूने हे काम ओपनप्रिंटिंग हा गट पाहतो. म्हणजे लाखाच्या मॅकवर आणि जुन्या बाजारातून आणलेल्या आमच्या कचेरीतील संगणकावर छपाईचा मूळ कारभारी एकाच घराण्याचा आहे. दोष 'फुकट'पणात असता तर तो मॅकवरही दिसला असता.

आता वाट समजून घेऊ. तुम्ही 'छापा' म्हणालात की काय घडते? ज्या कार्यक्रमात फलक काढला, समजा लिबरऑफिस, तो कार्यक्रम पानाचे एक वर्णन तयार करतो. आज ते बहुधा पीडीएफच्या रूपात असते. ते कप्सकडे जाते आणि रांगेत उभे राहते. कप्स ते गाळण्यांच्या साखळीतून काढतो. येथे बहुधा घोस्टस्क्रिप्टसारखा दुभाषी भेटतो, जो वर्णनाचे लहान लहान ठिपक्यांत रूपांतर करतो. मग चालक, म्हणजे ड्रायव्हर, त्या ठिपक्यांचे त्या विशिष्ट प्रिंटरला कळेल अशा बोलीत भाषांतर करतो. आणि शेवटी तार, यूएसबी किंवा वायफाय यांवरून ते यंत्रापर्यंत पोचते. यंत्राच्या पोटातही एक लहान संगणक असतो, तो शाई कोठे टाकायची ते ठरवितो. एवढ्या हातांतून तांबडा रंग जातो. यांपैकी कोणताही एक हात, कोणाला न सांगता, 'करडे केले तरी चालेल' असे ठरवू शकतो. आणि लक्षात घ्या, त्याला आपण अपराध केला असे वाटत नाही. त्याच्या लेखी त्याने हुकूमच पाळलेला असतो. म्हणून संगणक 'छपाई पूर्ण' असे सांगतो, चूक झाल्याचा निरोप येत नाही, आणि माणूस गोंधळतो.

चौकशी शेवटच्या टोकापासून, यंत्रापासून, सुरू करावी असे आमचे मत आहे. पुष्कळ जाणकार संगणकापासून सुरू करतात; पण यंत्राची साक्ष घ्यायला दोन मिनिटे लागतात आणि तिने अर्धा प्रश्न निकालात निघतो. जवळजवळ प्रत्येक प्रिंटरला संगणकाची तार काढून स्वतःचे चाचणीपान छापता येते. कोणते बटण किती वेळ दाबायचे ते त्याच्या पुस्तिकेत असते. शाईच्या प्रिंटरवर या पानावर चार रंगांच्या बारीक रेघांची जाळी येते : सायन म्हणजे आकाशी निळा, मॅजेंटा म्हणजे किरमिजी गुलाबी, पिवळा आणि काळा. चारही जाळ्या अखंड आल्या तर यंत्र निर्दोष. त्याला सोडून द्या आणि संगणकाकडे वळा. एखादी जाळी तुटक आली किंवा आलीच नाही तर संगणकात कितीही उलथापालथ करा, रंग येणार नाही.

पिवळ्या जाळीबाबत एक युक्ती. पांढऱ्या कागदावर, ट्यूबच्या उजेडात, पिवळ्या रेघा डोळ्याला नीट दिसत नाहीत आणि माणूस 'पिवळा ठीक आहे' म्हणून पुढे जातो. नाटकाच्या दिव्यांवर लावतात तसला निळा जिलेटिन कागद डोळ्यापुढे धरून पाहा. पिवळी शाई निळा प्रकाश गिळते, त्यामुळे त्याच रेघा गडद दिसू लागतात आणि कोठे तुटल्या ते स्पष्ट कळते.

जाळी तुटक आली तर शाईची छिद्रे सुकलेली असतात. आपल्याकडील उन्हाळ्यात, पंख्याखाली, महिनाभर न वापरलेल्या प्रिंटरचे असेच होते. साफसफाईची आज्ञा यंत्रावरूनच देता येते. एचपीच्या बऱ्याच यंत्रांसाठी लिनक्सवर एचपीलिप नावाचा संच आहे, आणि एप्सनच्या काही यंत्रांसाठी गुटनप्रिंट या संचाबरोबर येणारे एक हत्यार आहे. त्यांतूनही ती देता येते. पण ही साफसफाई शाई खाते, आणि ती शाई छपाईला न येता आतल्या टाकाऊ गादीत जाते. दोन किंवा फार तर तीन वेळा करावी, मग यंत्राला रात्रभर स्वस्थ ठेवून सकाळी पुन्हा पाहावे. वाळलेली शाई पुष्कळदा आपोआप ओली होते. चिडून दहा वेळा साफ करणारे लोक आम्ही पाहिले आहेत. त्यांची छिद्रे मोकळी झाली की नाही ते राहू द्या, टाक्या मात्र मोकळ्या झाल्या. आठवड्यातून एक रंगीत पान छापणे हा यावरचा स्वस्त उपाय.

करडे न येता चुकीचाच रंग येत असेल तर थोडे रंगांचे गणित उपयोगी पडते, आणि ते छापखान्यातील जुन्या कारागिरांना तोंडपाठ असे. राजा रविवर्म्यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला; तेथील देवदेवतांची चित्रे शिळाछापाने निघत. प्रत्येक रंगाची वेगळी शिळा, आणि जितके रंग तितक्या वेळा तोच कागद यंत्राखालून जायचा. एखादी शिळा चुकली तर लक्ष्मीच्या साडीवरून कारागीर तत्काळ सांगे की कोणती. आपल्या टेबलावरचा प्रिंटर तेच काम एका फेरीत आणि मुख्यतः चार रंगांत करतो, एवढाच फरक. तांबडा म्हणजे मॅजेंटा अधिक पिवळा. हिरवा म्हणजे सायन अधिक पिवळा. गडद निळा म्हणजे सायन अधिक मॅजेंटा. आता तांबडा गुलाबी आला आणि हिरवा आकाशी आला, तर दोहोंत समाईक कोण? पिवळा. तोच गैरहजर. तांबडा पिवळा पडला आणि निळा आकाशी झाला, तर मॅजेंटा गैरहजर. हिरवा पिवळा आला आणि निळा गुलाबी, तर सायन. भगवा, हिरवा आणि गडद निळा हे तीन ठिपके एका पानावर छापले की तिन्ही शायांची हजेरी एकदम लागते. ते राष्ट्रध्वजाचे रंग आहेत हे खरे, पण चाचणीसाठी ध्वज छापून तो केराच्या टोपलीत टाकणे बरे नव्हे. साधे चौकोन पुरेत.

यंत्र निर्दोष ठरले की कप्सच्या दरबारात जायचे. त्याला भेटण्याची सोपी जागा म्हणजे न्याहाळक, म्हणजे फायरफॉक्ससारखा ब्राउझर. त्याच्या पत्त्याच्या पट्टीत लोकलहोस्ट, मग विसर्ग चिन्हासारखे दोन टिंबांचे चिन्ह आणि ६३१ हा आकडा इंग्रजीत टंकला की कप्सचे पान उघडते. हे पान इंटरनेटवरचे नव्हे, तुमच्याच संगणकातील आहे. येथे पहिल्यांदा पाहावे ते हे की एकाच प्रिंटरच्या नावे किती रांगा आहेत. अनेकदा दोन सापडतात. एक कोणीतरी हाताने बसविलेली, दुसरी प्रणालीने वायफायवर यंत्र दिसताच आपण होऊन उघडलेली. नावे जवळजवळ सारखी, पण एकीचा चालक रंगीत आणि दुसरीचा काळा! माणूस सोमवारी एकीवर छापतो, मंगळवारी दुसरीवर, आणि 'कधी रंग येतो, कधी येत नाही' अशी तक्रार करतो. नको ती रांग काढून टाकावी.

मग राहिलेल्या रांगेचा चालक कोणता ते वाचावे. येथे एका अक्षराने घात होतो. नेमका चालक मिळाला नाही म्हणजे पुष्कळजण 'सर्वसाधारण' या नावाखालचा चालक निवडतात. त्यांत पीसीएल ५ई आणि पीसीएल ५सी असे दोन असतात. 'सी' रंगीत आहे, 'ई' काळा. 'ई' निवडला की अगदी महागड्या रंगीत लेझर प्रिंटरवरही जन्मभर करडेच येईल, आणि कोणीही चुकीचा निरोप देणार नाही.

चालक बरोबर असूनही करडे येते, तेव्हा त्या रांगेचे ठरीव पर्याय पाहावेत. कप्सच्या पानावर प्रिंटर निवडून 'ठरीव पर्याय ठरवा' अशा अर्थाच्या इंग्रजी ओळीवर गेले की रंगपद्धतीची निवड दिसते. कित्येक चालक ती निवड करड्यावर ठेवूनच येतात. शाई वाचावी हा त्यांचा हेतू. ती रंगीत करून जतन करावी. ज्यांना आज्ञा टंकण्याचे भय नाही त्यांनी टर्मिनलमध्ये एलपीऑप्शन्स ही आज्ञा, पुढे जागा सोडून आडवी रेघ आणि लहान 'एल' हे अक्षर, अशी द्यावी. सारे पर्याय ओळीने येतात आणि जो लागू आहे त्याच्या आधी तारा, म्हणजे फुली, असते. रंगपद्धतीच्या ओळीत फुली करड्याशेजारी दिसली की पुरावा मिळाला.

येथे एक खरी घडलेली केस सांगतो, कारण तिच्यात या साऱ्या विषयाचे मर्म आहे. आमच्या कचेरीत एकच संगणक, एकच प्रिंटर, एकच रांग. कचेरी सांभाळणाऱ्या ताई आपल्या नावाने संगणकात शिरल्या की फलक तांबडा निघे. खजिनदार आपल्या नावाने शिरले की तोच फलक करडा. बाहेरून बोलाविलेल्या दुरुस्तीवाल्याने यंत्र उघडून पाहिले, 'मेंदूचा पत्रा गेला' असे निदान केले आणि नव्या प्रिंटरचा भाव सांगितला. ताईंनी विचारले, "अहो, पत्रा गेला असता तर माझं तांबडं कसं येतं?" या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर नव्हते. खरे कारण असे की कप्स पर्याय दोन ठिकाणी वाचतो. एक साऱ्या संगणकासाठी ठरलेले, आणि दुसरे प्रत्येक माणसाच्या खासगी खणात, नावाआधी टिंब असलेल्या 'कप्स' या घडीत ठेवलेले. टिंबाने सुरू होणारी नावे एरवी दिसत नाहीत. लपलेल्या फायली दाखवा असे सांगावे लागते. खासगी पर्याय सार्वजनिक पर्यायावर मात करतो. खजिनदारांच्या खणात कधीकाळी हिशेबाची पाने स्वस्तात छापण्यासाठी ठेवलेला 'करडे' हा पर्याय तसाच पडून होता. ताईंनी ती एक ओळ पुसली. पैसा खर्च झाला नाही.

हेच कारण दुसऱ्या टोकालाही सापडते. लिबरऑफिसच्या पर्यायांत छपाईच्या सदराखाली 'रंगांचे करड्यात रूपांतर करा' अशा अर्थाची एक चौकट असते, आणि रायटरच्या सदरात 'मजकूर काळ्यात छापा' अशी दुसरी. फायरफॉक्सच्या छपाईच्या खिडकीतही रंगीत की काळे-पांढरे ही निवड वेगळी असते. म्हणून एका कार्यक्रमातून करडे आले तर तोच फलक पीडीएफ करून दुसऱ्या कार्यक्रमातून छापून पाहावा. दुसऱ्यातून रंग आला तर दोष पहिल्या कार्यक्रमाच्या पर्यायांत. दोन्हींतून करडे आले तर रांगेत किंवा पुढे.

अलीकडच्या प्रिंटरांना बहुधा वेगळा चालक लागतच नाही. यंत्र स्वतःच संगणकाला सांगते की मी काय काय करू शकतो, आणि कप्स ते मान्य करतो. ही पद्धत चांगली आहे. पीपीडी नावाच्या जुन्या वर्णनफायली आणि त्यांवरचे चालक पुढे बंद करावयाचे असे कप्सच्या कर्त्यांनी जाहीरही केले आहे. पण तिच्यात यंत्राच्या शब्दावर विश्वास ठेवावा लागतो. यंत्रावरच कोणी 'काळ्यात छापा' असे ठरवून ठेवले असेल, किंवा मोठ्या कचेरीत अमुक माणसांनाच रंग द्यावा असा निर्बंध घातला असेल, तर संगणकात तपासून काही सापडत नाही. यंत्राच्या पडद्यावरील किंवा त्याच्या स्वतःच्या वेबपानावरील पर्याय पाहावे लागतात.

एवढे करूनही छडा लागला नाही तर कप्सची रोजनिशी वाचावी. हा भाग आम्हांला सर्वांत प्रिय आहे. कप्स आपल्या प्रत्येक कामाची नोंद ठेवतो. व्यवस्थापनाच्या पानावर 'तपशीलवार नोंद' सुरू करता येते. ती सुरू करावी, एकच पान छापावे, नोंद पुन्हा बंद करावी (नाहीतर फाईल फुगते) आणि मग वाचावी. बहुतेक ठिकाणी ती संगणकाच्या 'व्हार' या घडीतील 'लॉग' आणि तीतील 'कप्स' येथे 'एरर लॉग' या नावाने असते. फेडोरासारख्या काही वितरणांत प्रणालीच्या एकत्रित रोजनाम्यात. तीत कोणती गाळणी केव्हा सुरू झाली, तिला कोणते पर्याय मिळाले, ती कशी संपली हे सारे असते. 'फिल्टर फेल्ड' असे दिसले तर साखळीतील एखादा कामगार गैरहजर आहे : प्रणालीची नवी आवृत्ती बसविल्यावर उत्पादकाचा बंदिस्त चालक तिच्याशी जुळेनासा होतो, किंवा एचपीच्या काही यंत्रांना लागणारा बंदिस्त पूरक भाग त्याच आवृत्तीचा पुन्हा आणावा लागतो. येथेच खुल्या आणि बंदिस्त मालातील फरक हाताला लागतो. खुला चालक मोडला तर तो दुरुस्त करणारा कोणीही असू शकतो. बंदिस्त मोडला आणि उत्पादकाने लक्ष काढून घेतले, तर धडधाकट यंत्र भंगारात जाते.

खुलेपणाची भलामण करताना दुसरी बाजू लपविणे बरे नव्हे. सप्टेंबर २०२४ मध्ये कप्सचा एक साहाय्यक, जाळ्यावरचे प्रिंटर शोधून आणणारा कप्स-ब्राउज्ड, याच्यात सुरक्षेच्या गंभीर त्रुटी असल्याचे जाहीर झाले. बाहेरचा माणूस खोटा प्रिंटर घुसवू शकत होता. तो बंद ठेवा असा सल्ला तेव्हा दिला गेला. तुमच्या संगणकावरून आपोआप दिसणारा रंगीत प्रिंटर नाहीसा झाला असेल तर हेही एक कारण असू शकते; रांग हाताने उघडावी लागेल. तसेच, खुली प्रणाली वापरली म्हणजे छापलेला कागद मुका झाला असे समजू नका. अनेक रंगीत लेझर प्रिंटर प्रत्येक पानावर डोळ्याला न दिसणारे पिवळे ठिपके टाकतात. अमेरिकेतील इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या संस्थेने २००५ मध्ये झेरॉक्सच्या एका मालिकेचे ठिपके उलगडून दाखविले : त्यांत यंत्राचा क्रमांक आणि छपाईची तारीख-वेळ होती. ते काम यंत्राच्या पोटात होते, तेथे लिनक्सचा हात पोचत नाही. पत्रके काढणाऱ्यांनी हे ठाऊक ठेवलेले बरे.

राहिली शेवटची तक्रार : रंग येतो, पण पडद्यासारखा येत नाही. ही बहुतांशी तक्रार नव्हेच. पडदा स्वतः प्रकाश फेकतो, तांबडा-हिरवा-निळा मिळून पांढरा होतो. कागद प्रकाश परत पाठवतो आणि शाई त्यातला काही गिळते. पडद्यावरचा झगझगीत हिरवा कागदावर कधीच उतरणार नाही, मग प्रणाली कोणतीही असो. मात्र एक गोष्ट आपल्या हाती आहे ती म्हणजे कागदाचा प्रकार. साधा कागद घालून पर्यायांत फोटोचा कागद निवडला तर शाई जास्त पडते, कागद ओला होतो, रंग पसरतात आणि काही यंत्रे काळ्या शाईऐवजी तिन्ही रंग मिसळून काळा बनवितात. उलट केले तर रंग मळकट येतात. ज्यांना नेमके रंग हवेत त्यांच्यासाठी रंगांची मोजणी करून बनविलेल्या वर्णनफायली असतात आणि लिनक्सवर त्या बसविण्याची सोयही आहे. परंतु मोजणीचे उपकरण महाग, आणि सुरक्षेच्या फलकाला त्याची गरज नाही. तांबडा तांबडा आणि हिरवा हिरवा आला की झाले.

दोष खुद्द खुल्या चालकात आहे असे ठरले, तर तो कर्त्यांना कळवावा. ओपनप्रिंटिंगच्या आणि प्रत्येक वितरणाच्या तक्रारवहीत कोणालाही लिहिता येते. लिहिताना संताप नको. प्रिंटरचे पूर्ण नाव, प्रणालीची आवृत्ती, चालकाचे नाव, काय छापले, काय यायला हवे होते, काय आले, आणि रोजनिशीतील त्या एका कामाच्या ओळी. त्यांतील आपली नावे व पत्ते आधी खोडून. मोडकी इंग्रजी चालते. ताईंनी अशी एक तक्रार नोंदविली आहे, गडद हिरव्याविषयी. तिला उत्तर आले असून त्यांनी आणखी एक चाचणीपान मागितले आहे.